लेटन्ट ग्रोथ मॉडेल आणि फेब्रुवारीत न सापडलेली मुले

जून २०२५ मध्ये माझी पीएच.डी.ची मौखिक परीक्षा झाली आणि पाच वर्षे चाललेले एक काम पुरे झाले. विषय शिक्षणशास्त्राचा होता: तिसरीतल्या मुलांचे मराठी वाचन वर्षभरात कसे बदलते आणि सर्व मुलांचे ते सारखेच बदलते का. त्यासाठी मी लेटन्ट ग्रोथ मॉडेलिंग ही पद्धत वापरली. काम सुरू केले तेव्हा या पद्धतीबद्दल मराठीत लिहिलेले काही मला मिळाले नव्हते. इंग्रजी लेख मिळाले, पण त्यांत मुले नेमून दिलेल्या दिवशी हजर असत आणि आकड्यांचा तक्ता भरलेला असे. माझा तक्ता तसा नव्हता. ज्यांचा तसा नसेल, त्यांच्यासाठी हे सगळे क्रमाने लिहीत आहे.

नोंदणी २०२० च्या टाळेबंदीत झाली. जानेवारी २०२१ मध्ये संशोधन मान्यता समितीपुढे ऑनलाइन सादरीकरण झाले, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी मला विचारले, "चार वेळा मोजणार असाल, तर रिपीटेड मेझर्स अ‍ॅनोव्हा करा. एवढे अवघड कशाला?" प्रश्न रास्त होता आणि त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आज देता येते. त्या अ‍ॅनोव्हाची (त्याच मुलांच्या वारंवार मोजलेल्या गुणांची तुलना करणाऱ्या रूढ सांख्यिकी चाचणीची) नेहमीची मांडणी फेऱ्यांच्या सरासऱ्यांची तुलना करते, आणि एखादे मूल एका जरी फेरीला गैरहजर असले तरी त्याच्या उरलेल्या तीन फेऱ्यांसकट त्याला वगळते. ग्रोथ मॉडेल प्रत्येक मुलाची स्वतःची एक रेषा आहे असे मानते. ती रेषा आपल्याला दिसत नाही, तिच्या आसपासचे चार बिंदू तेवढे दिसतात, म्हणून तिला लेटन्ट म्हणतात. ती कोठून सुरू होते ते इंटरसेप्ट सांगतो, ती किती वेगाने चढते ते स्लोप सांगतो. या दोन्हींची सरासरी किती आणि मुलामुलांत त्यांचा फरक किती, हे मॉडेल एकत्रच काढते.

या विचारामागे एक भारतीय नाव आहे, हे मला फार उशिरा कळले आणि मनापासून आनंद झाला. वाढीच्या वक्रांची तुलना करण्याच्या पद्धतींवर संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांचा लेख १९५८ साली 'बायोमेट्रिक्स'मध्ये आला. त्याच वर्षी लेडयार्ड टकर यांनी घटक विश्लेषणाच्या (अनेक मोजण्यांमागचे न दिसणारे घटक शोधण्याच्या) बाजूने हाच प्रश्न 'सायकोमेट्रिका'त मांडला. आज आपण वापरतो ते रूप पुढे १९९० मध्ये मेरेडिथ आणि टिसाक यांनी सिद्ध केले.

सप्टेंबर २०२१ मध्ये मी नैतिकता समितीकडे अर्ज केला. शुल्क ३,००० रुपये होते आणि मंजुरीला पाच महिने लागले. मुलांवरील संशोधनासाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना लागू होतात. पालकांची लेखी संमती हवी, शिवाय सात ते बारा वयाच्या मुलाची तोंडी संमतीही घ्यावी लागते. पालक निरक्षर असतील तर अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते. माझ्या पहिल्या मसुद्यात साक्षीदाराची जागाच नव्हती, त्यामुळे अर्ज एकदा परत आला. संमतीपत्रकाचे मराठी सोपे ठेवा आणि ते अगोदर एखाद्या पालकाला वाचून दाखवा. "माहितीची गोपनीयता अबाधित राखली जाईल" या वाक्यावर एका आईने मला विचारले होते की याचा अर्थ नाव कोणाला सांगणार नाही असाच ना. मी तेच वाक्य लिहून टाकले.

मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाकडे शाळांत जाण्याची परवानगी मागितली. तालुका मराठवाड्यातला आहे, त्याहून नेमके सांगत नाही. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सहा आठवड्यांनी माझा मूळ अर्ज सापडेना, तेव्हा त्या शिक्क्यानेच मला वाचवले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र मिळाले. ते गटशिक्षणाधिकारी, मग केंद्रप्रमुख, मग मुख्याध्यापक अशा क्रमाने दाखवावे लागते आणि प्रत्येक जण एक प्रत ठेवून घेतो. १४ शाळांसाठी मी ३० प्रती काढल्या होत्या, त्यातली एकही उरली नाही.

फेऱ्या ठरवताना मार्गदर्शक सरांशी बराच खल झाला. सरळ रेषेचे मॉडेल बसवायला किमान तीन फेऱ्या लागतात, पण तीन फेऱ्यांत मॉडेल चुकीचे असले तरी ते कळायला फारच थोडी जागा उरते. हिशेब असा आहे: तीन फेऱ्यांतून तीन सरासऱ्या, तीन व्हेरिअन्स (गुणांचा पसारा) आणि तीन कोव्हेरिअन्स (दोन फेऱ्यांचे गुण किती मिळून बदलतात ते) असे ९ आकडे मिळतात, तर मॉडेलला ८ काढायचे असतात, स्वातंत्र्यांश, म्हणजे मॉडेल तपासायला शिल्लक राहणारे आकडे, उरतो एक. चार फेऱ्यांत १४ आकडे मिळतात, मॉडेलला ९ लागतात आणि स्वातंत्र्यांश ५ उरतात. म्हणून चार फेऱ्या ठरल्या: जुलै २०२२, ऑक्टोबर २०२२, फेब्रुवारी २०२३ आणि मुले चौथीत गेल्यावर जुलै २०२३. आज माझ्या हाती असते तर मी पाचवी फेरी एप्रिलमध्ये घेतली असती. तिची उणीव पुढे फार जाणवली.

मोजणी दिसायला साधी होती. व्हरांड्यात किंवा झाडाखाली मूल समोर बसे, उतारा हातात देऊन स्टॉपवॉच लावायचे आणि एका मिनिटात अचूक वाचलेले शब्द मोजायचे. प्रत्येक फेरीला सर्वांना एकच उतारा दिला, तर त्या उताऱ्याचा सोपेपणा किंवा अवघडपणा वाढीच्या रेषेत मिसळतो. म्हणून मी चार उतारे तयार केले आणि मुलांचे चार गट पाडून ते आलटून पालटून दिले. हे पहिल्या फेरीआधीच ठरवावे लागते, नंतर दुरुस्त करता येत नाही.

जुलै २०२२ मध्ये २१० मुलांचे वाचन नोंदवले. ही मुले पहिलीत गेली ती २०२० साली, शाळा बंद असताना. आपल्या राज्यात ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग प्रत्यक्ष सुरू झाले ते १ डिसेंबर २०२१ ला, आणि जानेवारीत ते पुन्हा काही काळ बंद राहिले. त्यामुळे तिसरीच्या सुरुवातीला एकही शब्द न वाचता आलेली मुले बरीच होती. एक मुलगी मला अजून डोळ्यांपुढे दिसते. ती बोट शब्दाखाली ठेवी, अक्षर न् अक्षर ओठांतल्या ओठांत जुळवी आणि जोडाक्षर आले की बोट तिथेच दाबून धरी, जणू ते पळून जाईल. मिनिट संपले तेव्हा तिचे सात शब्द झाले होते. वेळ संपली म्हटल्यावर तिने विचारले, "पुढचं वाचू का?" मी घड्याळ बाजूला ठेवले आणि तिने तो उतारा शेवटपर्यंत वाचला. नोंद मात्र सात शब्दांचीच केली.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीआधी दुसरी फेरी झाली, २०४ मुले भेटली. मग दिवाळी उरकली आणि मुकादमांच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरने कारखान्यांकडे निघाल्या. फेब्रुवारीत मी शाळांत गेले तेव्हा फक्त १३९ मुले होती. ७१ गैरहजर मुलांपैकी ५२ ऊसतोड कुटुंबांतली होती. पटावर एकूण ५८ मुले अशा घरांतली. त्यांतली सहा आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिल्याने शाळेत सापडली. ऊसतोड माझ्या लक्षात नव्हती असे नाही, पण आराखड्यात तिची नोंद "अपेक्षित गळती" या दोन शब्दांत मी संपवली होती. त्या आठवड्यात एका वर्गात अर्धे बाक रिकामे पाहिले आणि ते शब्द मला फार अपुरे वाटले. या मुलांच्या वाचनाचे या महिन्यांत काय होते, हाच तर माझा प्रश्न होता.

मग ठरवले की त्यांच्याकडे आपण जायचे. पण नैतिकता समितीची मंजुरी शाळांपुरती होती. जागा बदलायची तर सुधारित अर्ज करावा लागतो. त्याला साडेपाच आठवडे लागले आणि मार्च उजाडला. जिथली मुले हंगामी स्थलांतर करतात अशा भागात काम असेल, तर मुक्कामाच्या दोन्ही जागा पहिल्याच अर्जात लिहा. तेवढ्या एका ओळीने माझे पाच आठवडे वाचले असते आणि कितीतरी मुले हातची गेली नसती.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटात निम्मी सवलत सुरू झाली होती, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या तळांवर माझ्या दोन खेपा खिशाला झेपल्या. गाळप संपत आले होते आणि काही टोळ्या परतीच्या वाटेला लागल्या होत्या. तळावर पाचटाच्या कोप्या ओळीने होत्या, मळीचा वास हवेत भरलेला होता, आणि गाड्या खाली होईपर्यंत आईवडील यायचे नव्हते. दिवसभर धाकट्या भावाला सांभाळून, वाढ्याच्या पेंढ्या बांधून मुले थकलेली असत, म्हणून वाचन सकाळीच घ्यायचे असे ठरवले. ती सात शब्दांची मुलगी दुसऱ्या तळावर भेटली. भावाला मांडीवर घेऊनच ती वाचायला बसली आणि बोट ठेवायला हात मोकळा नसल्याने उतारा मी धरला. ५२ पैकी १७ मुलांचे वाचन मला नोंदवता आले. बाकीची ३५ सापडली नाहीत.

जुलै २०२३ च्या शेवटच्या फेरीत १९१ मुले भेटली. चार फेऱ्यांचा प्रवास, छपाई आणि एका सहायिकेचे मानधन मिळून सुमारे ६८,००० रुपये पदरचे गेले.

विश्लेषणाला ऑगस्ट २०२३ मध्ये बसले. सशुल्क सॉफ्टवेअर परवडणारे नव्हते, म्हणून आर ही आकडेवारीची संगणकभाषा आणि त्यातले लावान हे पॅकेज घेतले. दोन्ही मोफत आहेत. लावान बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातील इव्ह रोसील यांनी तयार केले आहे आणि त्यात 'ग्रोथ' नावाचे तयार फंक्शन आहे. सोबत चार फेऱ्यांचा सरावाचा डेटाही मिळतो. माझ्या आकड्यांना हात लावण्याआधी तीन आठवडे मी त्यावरच सराव केला, आणि तो वेळ सत्कारणी लागला.

आधी चित्र काढा, मग मॉडेल. प्रत्येक मुलाच्या चार बिंदूंना जोडणाऱ्या २१० बारीक रेषा मी एकाच कागदावर काढल्या. एक रेषा शेवटी एकदम आभाळाला भिडलेली दिसली. मूळ पत्रक काढून पाहिले तर १७ च्या जागी ११७ टंकले गेले होते. ती चूक राहिली असती तर तिने कितीतरी आकडे वाकडे केले असते आणि मला त्याचे कारणही कळले नसते.

मॉडेलला वेळ सांगावी लागते. पुस्तकांतल्या उदाहरणांत ०, १, २, ३ असते, कारण तिथे फेऱ्यांतले अंतर सारखे असते. माझ्या फेऱ्या ०, ३, ७ आणि १२ महिन्यांवर होत्या, म्हणून स्लोपचे भारही, म्हणजे प्रत्येक फेरीला स्लोपला ज्याने गुणायचे ते आकडेही, तेच दिले. शून्य कोठे ठेवता यावर इंटरसेप्टचा अर्थ ठरतो. शून्य पहिल्या जुलैत ठेवला तर तो आरंभपातळी सांगतो, शेवटच्या जुलैत ठेवला तर मुले कोठे पोहोचली ते सांगतो. इंटरसेप्ट आणि स्लोप यांचा परस्परसंबंधही त्याबरोबर बदलतो. "मागे असलेली मुले जास्त वेगाने पुढे आली का?" या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी शून्य कोठे आहे ते सांगणे मी तेव्हापासून सोडलेले नाही.

पहिले मॉडेल चालवले आणि निकालाच्या वरच्या ओळींत दोन आकडे दिसले: वापरलेल्या नोंदी १४१, एकूण २१०. मी कितीतरी वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. ज्या कारणासाठी अ‍ॅनोव्हा नाकारला होता तेच इथे झाले होते. लावानला वेगळे सांगितले नाही तर तेही एक जरी नोंद रिकामी असलेले मूल वगळते. गहाळ नोंदींच्या पर्यायापुढे एफआयएमएल (अपुऱ्या नोंदीही वापरणारी अंदाजपद्धत) लिहावे लागते, मग प्रत्येक मुलाकडून जेवढे मिळाले तेवढे सगळे हिशेबात येते. निकाल वाचताना आधी ही ओळ वाचा, बाकीचे नंतर.

पण एफआयएमएललाही एक गृहीत लागते. जी नोंद गहाळ आहे, ती गहाळ होण्याचे कारण मॉडेलमध्ये असलेल्या माहितीतून कळायला हवे. माझ्या मुलांच्या गैरहजेरीचे कारण होते ऊसतोड, आणि पहिल्या मॉडेलमध्ये ऊसतोडीचा उल्लेखच नव्हता. म्हणून कुटुंब ऊसतोडीला जाते की नाही हा चल इंटरसेप्ट आणि स्लोप या दोन्हींना जोडला. इथे आणखी एक अडचण आली. सहा मुलांच्या बाबतीत ही माहिती रिकामी होती आणि अशा चलातली रिकामी जागा एफआयएमएल आपोआप भरून घेत नाही. ती सहा मुले पुन्हा गळाली. मी शिक्षकांना फोन करून ती माहिती मिळवली. संगणकाला जे जमत नव्हते ते दोन दिवसांच्या फोनने झाले.

सरळ रेषेचे मॉडेल तरीही नीट बसेना. मॉडेल आकड्यांशी किती जुळते ते सांगणाऱ्या निर्देशांकांपैकी सीएफआय ०.९५ च्या खाली (तो वर हवा) आणि आरएमएसईए ०.०६ च्या बराच वर (तो खाली हवा) होता. स्वातंत्र्यांश इतके कमी असताना आरएमएसईएवर फार विसंबता येत नाही हे माहीत होते, म्हणून मॉडेलने काढलेल्या सरासऱ्या आणि प्रत्यक्ष सरासऱ्या शेजारी ठेवून पाहिल्या. पहिल्या तीन फेऱ्या जुळत होत्या, शेवटच्या जुलैत मात्र मुले रेषेच्या खाली होती. मध्ये उन्हाळ्याची सुटी होती. सुटीसाठी वेगळा स्लोप घ्यावा असे वाटले, पण त्या तुकड्यात माझ्याकडे एकच मोजणी होती. एका बिंदूवरून मुलामुलांतला फरक आणि मोजणीतली चूक वेगळी काढता येत नाही. एप्रिलची फेरी असती तर हे जमले असते. शेवटी मी पहिले तीन भार ०, ३, ७ असेच ठेवले आणि चौथा भार मॉडेलला काढू दिला. तो साधारण ९ आला, म्हणजे बारा महिन्यांत मुलांची जी वाढ झाली ती शाळेच्या गतीने नऊ महिन्यांत होईल एवढी होती. आता मॉडेल जुळले.

तळावरच्या १७ मुलांचे वाचन सातव्या महिन्यात नव्हे तर आठव्या महिन्यात झाले होते. माझ्या मांडणीत एका फेरीला सर्वांसाठी एकच वेळ होती. म्हणून त्याच डेटावर प्रत्येक मुलाची खरी तारीख घेऊन मिश्र परिणामांचे मॉडेलही (ज्यात प्रत्येकाची वेळ वेगळी घेता येते) चालवले. दोन्ही पद्धतींचे मूळ एकच असल्याने ही पडताळणी सोपी आहे आणि परीक्षकांना ती आवडते. निष्कर्ष बदलला नाही. मुले शाळांच्या गटांत असल्याने प्रमाण त्रुटीही (अंदाज किती डळमळीत आहे ते सांगणारे आकडे) गटानुसार सुधारून घेतल्या, मात्र १४ शाळा त्यासाठी थोड्या आहेत हे प्रबंधात स्पष्ट लिहिले.

माझ्या या मुलांपुरते बोलायचे तर ऊसतोड कुटुंबांतली मुले जुलैत इतरांच्या फार मागे नव्हती. फरक स्लोपमध्ये होता. हे वाक्य लिहिताना मी पुष्कळ थांबले, कारण ३५ मुलांच्या बाबतीत फेब्रुवारीचा बिंदू मी पाहिलेलाच नाही आणि त्यांची रेषा उरलेल्या तीन बिंदूंवर उभी आहे. ते तसेच लिहिले. परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच परिच्छेदावर विचारले, आणि उत्तरे देताना मला भीती वाटली नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये सारांशाचे सादरीकरण, डिसेंबरमध्ये प्रबंध सादर. साम्य तपासणीत (मजकूर इतरत्रच्या लेखनाशी किती जुळतो ते पाहणाऱ्या) संदर्भसूची वगळून ७ टक्के आले. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार १० टक्क्यांपर्यंत अडचण नसते, पण आकडेवारीच्या पद्धतींची ठरीव वाक्ये साम्य वाढवतात, म्हणून ती स्वतःच्या शब्दांत लिहिलेली बरी. दोन बहिःस्थ परीक्षकांचे अहवाल यायला पाच महिने लागले. मौखिकीत अ‍ॅनोव्हाचा प्रश्न पुन्हा आला. मी पडद्यावर '१४१' आणि '२१०' हे दोन आकडे दाखवले.

ऑगस्ट २०२५ मध्ये प्रबंधाची प्रत शोधगंगेसाठी, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी, दिली आणि प्रत्येक शाळेच्या रेषांचा, नावे काढलेला, एकेक कागद घेऊन १४ शाळांत जाऊन आले. एका मुख्याध्यापकांनी तो कागद बराच वेळ निरखला, ऑक्टोबरच्या बिंदूवर पेन्सिल टेकवली आणि सहशिक्षिकेला म्हणाले, "बाई, यंदा दिवाळीनंतर जाणाऱ्या पोरांची यादी आत्ताच करून घ्या." बाईंनी तिथेच हजेरीपट उघडला.